माहेरची शालन, सासरची सुनंदा

संपादकांना माजी सैनिकांच्या सरकारी योजनांचा परिचय हवा होता. योजना आहेत बऱ्याच: 7 डिसेंबरचा ध्वजदिन निधी 1949 पासूनचा, ईसीएचएसची दवाखान्याची सोय 2003 पासूनची, शिवाय शिष्यवृत्त्या, नोकरीतलं आरक्षण. सातारा जिल्ह्यात हे सगळं पारावर पाठ असतं. पहिल्या महायुद्धात एकट्या आपशिंगे गावचे 46 जवान कामी आले, असा हा मुलूख.

मी रेंगाळलो तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कल्याण संघटकांच्या टेबलापाशी. स्वतः माजी हवालदार. तालुक्याच्या दौऱ्यात समोर बसेल त्याला पहिला प्रश्न, "आप्पा, वहिनींचं आधार आणलंय?" मग डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश आणि आधार शेजारी शेजारी मांडून बायकोचं नाव पेन्सिलीच्या टोकानं अक्षर न् अक्षर ताडायचं. योजनांचं नंतर.

आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरची शालन सुनंदा होते. रजा संपली की युनिटात लग्नाच्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघते, आणि परमुलखातल्या क्लार्कच्या हातून सुनंदाची सुनंदी होते. आधारवर ती सुनंदाबाई, शाळेच्या दाखल्यावर शालन. नवरा आहे तोवर कुणाचं अडत नाही. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन त्याच्या खात्यात पडते. तो गेला की तिला तीस टक्के कौटुंबिक पेन्शन लागू व्हायची, तेव्हा ही सुनंदाबाई कोण, इथून सुरुवात!

नवऱ्याच्या हयातीत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी: त्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, तिथून प्रयागराजचं पेन्शन कार्यालय. संघटकांची सगळी घाई त्यासाठीच. लग्नाच्या नोंदीबरोबरच दोन्ही नावांचा कागद युनिटात करून घेतला, तर या टेबलावरची निम्मी गर्दी हटेल, असं मला वाटतं.

विधवेचं मात्र कठीण. 2021 पासून पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या संगणकप्रणालीवर जाऊ लागला. पैसे वेळेवर येतात, हे संघटकही मान्य करतात. पण ओटीपी जातो पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जावं, तर भांगलणीनं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. कागदातली एक त्रुटी भरली की दुसरी निघते.

मी बसलो होतो तेव्हा एका आजींचं प्रकरण परत आलं होतं: जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला जोडा. आजी शाळेत गेल्याच नव्हत्या. संघटकांनी वयाच्या दाखल्यासाठी सिव्हिल सर्जनच्या नावे अर्ज लिहायला घेतला आणि विचारलं, "आजी, यात नाव कुठलं घालू?"