प्रवरेच्या उगमाकडे

नेवाशाच्या घाटावर प्रवरेला हात जोडणारे पुष्कळ. तिचा उगम पाहिलेले विरळाच. अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात ती उगम पावते. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा मुलूख. मे-जूनमध्ये काजव्यांसाठी, पावसाळ्यात धबधब्यांसाठी तेथे झुंबड उडते. वस्तुतः डोंगर पायी हिंडावा तो हिवाळ्यात. निसरड्या वाटा सुकलेल्या असतात, १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून दूरवरचे गड न्याहाळता येतात, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर निवांत पाहता येते. शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात. त्यांनी ही वाट धरावी. मात्र गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि आपला कचरा आपणच परत आणावा. उगमाशी टाकलेली घाण नदीबरोबर खालीच येते. आणि खाली नेवासे आहे.