लिंकन आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

लिंकनने गुलामांना मुक्त केले, असे माझे नवी मुंबईतले विद्यार्थी पेपरात लिहितात. मी निम्मेच गुण देतो. केंटकीतल्या लाकडी खोपटात १८०९ साली जन्मलेला, वर्षभराचीही शाळा न लाभलेला हा वकील १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आला. १ जानेवारी १८६३ च्या त्याच्या जाहीरनाम्याने बंडखोर प्रदेशांतलेच गुलाम मुक्त ठरवले. खुद्द केंटकीतले गुलामच राहिले! सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय त्या युद्धात संघराज्याच्या बाजूने लढले, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला. डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने देशभरची गुलामगिरी कायद्याने संपली. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही अपेक्षा त्यात आहे; लिंकनचे नाव नाही.