घोटा, घुटना आणि एक अंक

जबलपूर शहराचे मराठी मुलखाशी असलेले नाते जुने आहे. १८१७ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू होण्यापूर्वी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले. आजही सिविल लाइंससारख्या वस्तीत घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषांत सहजपणे वावरणारी कुटुंबे आढळतात. एरवी हा त्रिवेणी संगम कौतुकाचा वाटतो; परंतु रुग्णालयाच्या दारात तोच कधी अडचणीचा ठरू शकतो.

मराठीत ‘घोटा’ म्हणजे पोटरी आणि पाऊल यांना जोडणारा सांधा. हिंदीत त्याला ‘टखना’ म्हणतात. हिंदीतील ‘घुटना’ म्हणजे मात्र आपला गुडघा. पावसाळ्यात जिन्यावरून घसरलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाने कण्हत ‘घोटा’ म्हणावे आणि प्रवेशपत्रावर ‘घुटना’ उतरावे, हे अशक्य नाही. डॉक्टर पाय तपासतात, क्ष-किरण चित्र पाहतात. त्यामुळे उपचार योग्य जागीच होतात. चूक शिल्लक राहते ती कागदावर. आणि विमा कंपनीपुढे रुग्णाचा पाय नव्हे, तर त्याचा कागदच जात असतो.

आजारांचे लेखाशीर्ष

जमाखर्चात प्रत्येक रकमेला जसे लेखाशीर्ष असते, तसे वैद्यकशास्त्रात प्रत्येक निदानाला सांकेतिक क्रमांक असतो. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागो येथील परिषदेत मांडली गेली. १९४८ मध्ये तिची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतली आणि मृत्यूंबरोबरच आजार व दुखापतींचाही तीत समावेश झाला. ‘आयसीडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडील आरोग्यविम्याच्या दावा अर्जाचा प्रमाणित नमुना दहाव्या आवृत्तीचेच क्रमांक मागतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये हा नमुना ठरवून दिला. त्याचा पहिला भाग विमाधारकाने भरावयाचा असतो, तर दुसरा रुग्णालयाने. निदानाचा क्रमांक या दुसऱ्या भागात येतो.

घोट्याच्या अस्थिभंगाचा क्रमांक ‘एस ८२’ या गटात आहे. गुडघ्याखालील पायाचे सर्व अस्थिभंग या एकाच गटात मोडतात. गुडघ्याच्या वाटीसाठी ८२.०, आतल्या बाजूच्या घोट्यासाठी ८२.५ आणि बाहेरच्या बाजूच्या घोट्यासाठी ८२.६, अशी त्यांची विभागणी आहे. दशांशचिन्हानंतरचा एक अंक बदलला की घोट्याचा गुडघा होतो! घोटा नुसता मुरगळला असेल, म्हणजे हाड शाबूत राहून अस्थिबंध ताणले गेले असतील, तर गटच बदलतो आणि क्रमांक ‘एस ९३.४’ होतो.

क्रमांकात न मावणारे

असे असले तरी क्रमांक म्हणजे संपूर्ण निदान नव्हे. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही घोटे मोडले, अथवा त्यांच्या जोडीला नडगीच्या हाडाची मागील कडाही तुटली, तरी या वर्गीकरणात क्रमांक ८२.८ हाच येतो. ‘घोट्याचा अस्थिभंग’ एवढेच मोघम लिहिले, तरीही तोच. वास्तविक पाहता साध्या प्लास्टरने बरे होणारे दुखणे आणि प्लेट व स्क्रू बसवून करावी लागणारी शस्त्रक्रिया यांच्या खर्चात मोठी तफावत असते. पाय डावा की उजवा, हेही या क्रमांकावरून कळत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आलेल्या विस्तारित आवृत्तीत बाजू, हाड सरकले आहे की नाही आणि उपचाराचा टप्पा यांसाठी स्वतंत्र अंक आहेत. आपल्याकडे ही उणीव डॉक्टरांच्या शब्दांनीच भरून काढावी लागते.

जखम उघडी की बंद, हा मुद्दाही महत्त्वाचा. त्वचा फाटून हाड उघडे पडले असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, उपचार लांबतात आणि खर्चही वाढतो. परंतु तसा उल्लेख नसेल, तर वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे अस्थिभंग बंद स्वरूपाचा मानला जातो. न लिहिलेली गोष्ट घडलीच नाही असे धरले जाते. हिशेबाच्या वहीचा न्याय येथेही लागू आहे.

‘कसे पडले’ यालाही मोल आहे

दुखापतीच्या कारणालाही स्वतंत्र क्रमांक असतो. जिन्यावरून पडल्यास ‘डब्ल्यू १०’, तर सपाट जागी घसरून वा ठेच लागून पडल्यास ‘डब्ल्यू ०१’. ही नोंद केवळ आकडेवारीसाठी आहे असे समजू नये. नवीन आरोग्यविम्यात पहिल्या ३० दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. अपघातास मात्र ही अट लागू नाही. पॉलिसी घेऊन तीनच आठवडे झालेल्या ग्राहकाच्या कागदावर ‘पाय दुखतो, सूज आहे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचा न्याय्य दावाही अडकू शकतो. पडण्याची तारीख, वेळ, ठिकाण आणि कारण यांची एक ओळ अशा वेळी मोलाची ठरते.

बँकेच्या खात्यातून ज्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता जातो, त्यांनीही एक भेद लक्षात ठेवावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि १ जून २०२२ पासून वार्षिक २० रुपये हप्ता असलेल्या या योजनेत अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व यांना संरक्षण आहे. रुग्णालयाचा खर्च तीत मिळत नाही. घोटा मोडून यथाकाल बरा झाला, तर या योजनेखाली दावा उद्भवत नाही. त्यासाठी आरोग्यविमाच हवा.

घरी निघण्यापूर्वी

२०२४ मधील नियामक प्राधिकरणाच्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय होणे अपेक्षित आहे. या थोड्या वेळात कागद बोलके असावे लागतात. म्हणून रुग्णाच्या आप्तांनी डिस्चार्ज कार्ड हाती येताच पुढील बाबी तपासून घ्याव्यात :

• पाय डावा की उजवा. आणि तोच उल्लेख सर्व कागदांवर आहे काय?
• कोणता घोटा मोडला, हाड सरकले होते काय, जखम उघडी की बंद?
• दुखापत केव्हा, कोठे व कशी झाली?
• मधुमेहासारखा पूर्वीचा विकार असल्यास त्याची खरी नोंद आहे काय?
• शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे, तसेच बसवलेल्या प्लेट-स्क्रूंचे बिल व वेष्टनावरील चिकटपट्टी सोबत आहे काय?
• क्रमांक आणि शब्दांत लिहिलेले निदान एकमेकांशी जुळतात काय?

चूक आढळल्यास ती स्वतः खोडू नये. रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडून दुरुस्ती करवून त्यावर डॉक्टरांची सही व शिक्का घ्यावा. खाडाखोड केलेला धनादेश जसा परत येतो, तसाच खाडाखोड केलेला कागद संशयास कारण होतो.

मोडलेले हाड जुळण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात आणि ते काम निसर्ग करतो. कागद जुळवण्यास दहा मिनिटे पुरतात. पण ते काम माणसालाच करावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या मुला-सुनेने ही दहा मिनिटे काढली, तर पुढची कित्येक हेलपाटी वाचतील.