गाडी गप्प का बसली?

समज, तू सुट्टीत चेन्नईला मामाकडे आहेस. सकाळी सगळे मरीना बीचवर निघालेत. मामाने चावी फिरवली आणि...

काहीच नाही!

ना घरघर, ना समोरच्या पट्टीवरचे दिवे. हॉर्न दाबला, तर तोही मुका! मामी म्हणते, "चला, ऑटोने जाऊ." (चेन्नईत रिक्षाला सगळे ऑटोच म्हणतात.)

थांब, थांब! ऑटो बोलवायच्या आधी आपण दोघं जरा गुप्तहेर होऊ या.

पहिला प्रश्न असा : गाडी किती गप्प आहे? हसू नकोस! गप्प बसण्याचेही प्रकार असतात.

चावी फिरवल्यावर 'टक् टक् टक् टक्' असा आवाज आला आणि दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरली आहे. एकदाच जोरात 'टक्' झालं आणि दिवे मात्र लख्ख आहेत? मग संशय स्टार्टरवर. स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी विजेची मोटर. आणि इंजिन गरागरा फिरतंय पण पेटत नाही? मग बॅटरीला बोल लावू नकोस. आधी पेट्रोल आहे का ते बघ! (हे मोठी माणसंसुद्धा विसरतात.)

आपली गाडी तर ठार मुकी आहे. म्हणजे दोनच मोठे संशयित उरतात. एक तर बॅटरी पूर्ण रिकामी आहे, नाही तर बॅटरीत वीज आहे, पण बाहेर पडायची वाट बंद आहे.

आता ओळख बरं, तपास कशाने सुरू करायचा? मीटरने? छे! डोळ्यांनी!

मामाला बॉनेट उघडायला सांग. तू फक्त बघायचं, हात लावायचा नाही. बॅटरीत जळजळीत आम्ल असतं, म्हणून आतलं सगळं काम मोठ्यांचं. तो काळा ठोकळा दिसला? तीच बॅटरी. तिच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट आहेत. ही टर्मिनलं. एक धन, म्हणजे प्लस. दुसरं ऋण, म्हणजे मायनस.

अरेच्चा! एका खुंटावर पांढरी-हिरवट भुकटी साचली आहे! बॅटरीतून बाहेर पडणारी आम्लाची वाफ धातूला लागली की ही भुकटी तयार होते. त्यात चेन्नईची दमट हवा. भुकटीचा थर वाढला, की वीज बॅटरीच्या दारातच अडकते.

औषध कुठे मिळेल? स्वयंपाकघरात! पाण्यात खायचा सोडा कालवायचा आणि वर ओतायचा. फस्स! केवढा फेस! ढोकळा फुगवणारा कार्बन डायऑक्साइड वायूच इथे बाहेर पडतो. आम्ल शांत होतं, भुकटी निघून येते. मग पुसून, कोरडं करून वर थोडी पेट्रोलियम जेली लावायची.

कधी कधी तर भुकटीही नसते. वायरची पकड नुसती सैल झालेली असते. हाताने हलवली तर हलते! बऱ्याच गाड्यांत ती १० नंबरच्या पान्याने घट्ट होते. काम पाच मिनिटांचं, पण तोवर घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात.

आता एक गंमत दाखवतो. बॅटरीच्या ऋण खुंटातून निघालेली जाड वायर कुठे जाते ते शोध. दिव्याकडे? नाही. हॉर्नकडे? तिकडेही नाही. ती जवळच गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडली आहे. संपली!

मग दिव्यातून वीज परत येते कुठून?

पत्र्यातून! गाडीचं अख्खं लोखंडी अंग म्हणजे एक भलीमोठी वायर आहे! मागचा दिवा, पुढचा दिवा, हॉर्न, वायपर, सगळ्यांची परतीची वाट एकच. मेकॅनिक तिला 'अर्थ' म्हणतात. तो एक बोल्ट गंजला, तरी सगळी गाडी वेड्यासारखी वागू लागते.

म्हणूनच बॅटरी काढताना ऋण वायर आधी सोडतात. आधी धन वायर सोडायला गेलो आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर? धन खुंट, पाना, पत्रा, ऋण खुंट... वर्तुळ पूर्ण! ठिणग्यांचा फवारा! पाना लाल होण्याइतका तापू शकतो. लावताना उलटं, ऋण वायर सगळ्यात शेवटी.

बरं, आता आपल्या गाडीची टर्मिनलं स्वच्छ झाली, घट्टही झाली. गाडी तरी मुकीच! आता काढू या मल्टिमीटर. हे विजेचा दाब मोजायचं यंत्र. हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. निवांत बसलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्याही खाली म्हणजे जवळजवळ ठणठणाट.

मामाचा मीटर दाखवतो १०.८! सापडला चोर?

नाही रे! बॅटरी रिकामी आहे एवढंच कळलं. ती रिकामी केली कोणी?

मामाच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठव. खालचा पंप टाकी भरतो, नळ ती रिकामी करतात. गाडीतही तसंच. बॅटरी ही टाकी. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर हा पंप. दिवे, हॉर्न, स्टार्टर हे नळ. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो आणि तेव्हा मीटर १४ व्होल्टच्या आसपास दाखवतो. चालू गाडीतही १२ च दिसले, तर पंप बिघडला असं समज. चेन्नईतच, पाडी भागात, लुकास-टीव्हीएसचा कारखाना आहे. ही कंपनी १९६१ साली सुरू झाली आणि ती हेच स्टार्टर आणि अल्टरनेटर बनवते!

तर मग, टाकी रिकामी करणारा नळ कोणता? तुला वाटेल, स्टार्टर. तो आहेच खादाड! इंजिन फिरवताना शंभराहून जास्त अँपिअर वीज ओढतो. (दाब व्होल्टमध्ये, तर वाहणारी वीज अँपिअरमध्ये मोजतात.) तुझ्या मोबाइलचा साधा चार्जर दोन अँपिअर देतो, म्हणजे विचार कर!

पण स्टार्टर चालतो किती वेळ? दोन सेकंद. आणि डिकीतला चिमुकला दिवा? झाकण नीट लागलं नाही, तर रात्रभर!

चल, हिशेब करू. स्टार्टरने १५० अँपिअर दोन सेकंद ओढले. डिकीतला दिवा पाच वॉटचा, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअरचा, पण तो दहा तास जळला. जास्त कोणी खाल्लं?

दिव्याने! थोडंथोडकं नाही, सुमारे पन्नास वेळा गाडी सुरू करता येईल इतकं! टाकी बदाबदा सोडलेल्या नळाने नाही, तर ठिबकणाऱ्या नळाने रिकामी होते, ती अशी.

आणि ऐक, सगळं बंद करून, कुलूप लावून ठेवलेली गाडीही पूर्ण झोपत नाही! तिचं घड्याळ चालू असतं. चोरघंटा जागी असते. दार उघडायच्या रिमोटची हाक ऐकायला एक कान टवकारलेला असतो. यात जाते अगदी किंचित वीज, समज ०.०५ अँपिअर. पण लहान गाडीची ४५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर वीज ४५ तास देणारी, नवी बॅटरी या वेगाने ३७ दिवसांत पार कोरडी पडते! गाडी सुरू न होण्याची वेळ तर त्याच्या कितीतरी आधी येते. आणि मामा तर गाडी इथेच ठेवून मे महिनाभर सांगलीला आजीकडे राहून आलाय! सापडला चोर!

आता गाडी सुरू कशी करायची? शेजारच्या गाडीची वीज उसनी घ्यायची. त्यासाठी दोन जाड जंपर केबल लागतात. लाल केबलने धनाला धन जोडायचं. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणाला. आणि दुसरं? ते आपल्या बॅटरीला लावायचंच नाही! ते इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असू शकतो. हायड्रोजन आणि ठिणगी, नको रे बाबा! (पत्र्यातूनही वीज जाते हे तुला आता माहीतच आहे.) सुरू झाल्यावर गाडी चांगली लांब फिरवून आणायची. टाकी पार कोरडी असेल तर चार्जर लावून सावकाश भरलेली बरी.

बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण असेल? थंड देशांतली माणसं म्हणतील, थंडी. बर्फात बॅटरी आळसावते हे खरंच आहे. पण चेन्नईत थंडी आहेच कुठे? इथे मे महिन्यात 'अग्नि नक्षत्रम्' नावाचे उन्हाचे दिवस येतात. ३१ मे २००३ ला तर नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत पारा ४५ अंशांवर गेला होता! बॉनेटखाली त्याहून जास्त.

उन्हात बॅटरी आळसावत नाही. उलट जोशात असते. आणि तिथेच घोटाळा होतो! आतल्या रासायनिक क्रिया भराभर होतात, शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात, आम्लातलं पाणी उडून जातं. थंडी बॅटरीला फक्त दमवते, ऊन तिला म्हातारं करतं. म्हणून गाडी सावलीत लावायची. बॅटरीला झाकणं असतील तर पाण्याची पातळी बघायची आणि त्यात घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी नाही! समुद्राकाठच्या बोअरचं पाणी अनेकदा खारट असतं आणि त्यातले क्षार पट्ट्यांची वाट लावतात.

काही बॅटऱ्यांवर एक छोटा हिरवा डोळा असतो. हिरवा दिसला की सगळे खूश! पण बॅटरीच्या पोटात वेगवेगळी सहा घरं असतात आणि तो डोळा डोकावतो फक्त एकाच घरात. उरलेल्या पाचांचं काय चाललंय, त्याला पत्ताच नाही! मला या डोळ्यापेक्षा मीटर आवडतो.

पावसाची गोष्ट मात्र वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चेन्नईत धो धो पाऊस येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा इशारा आला, तेव्हा इथल्या वेलाचेरी भागातल्या लोकांनी काय केलं असेल? आपापल्या गाड्या नेऊन चक्क उड्डाणपुलावर ओळीने उभ्या केल्या! पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नसते. पाणी इंजिनात शिरलेलं असतं आणि तारांतही. आधी बॅटरी सोडवायची आणि मग गाडी ओढत गॅरेजला न्यायची.

आता मी तुला सगळ्यात भारी गोष्ट सांगतो. त्या सहा घरांत डोकावू या.

प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आहेत. काही साध्या शिशाच्या, काहींवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड. भोवती पाणी घातलेलं सल्फ्युरिक आम्ल. बस, एवढंच! गास्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली अशी पहिली बॅटरी बनवली. तेव्हा पेट्रोलवर धावणारी मोटारगाडी जन्मलीही नव्हती! एका घरातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा घरं ओळीने जोडली की १२.६. मीटरवरचा आकडा आला कुठून ते कळलं?

पण हे २.१ तरी कुठून आले? त्याचं उत्तर २०११ साली मिळालं. राजीव आहुजा हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आणि त्यांचे युरोपातले सोबती यांनी संगणकावर मोठं गणित केलं आणि ते चकित झाले.

शिशाच्या अणूच्या मध्यभागी ८२ प्रोटॉन असतात. ते इलेक्ट्रॉनांना इतकं जोरात ओढतात, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगाने पळतात! म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ लाख ८० हजार किलोमीटर. एवढ्या वेगाला रोजचे नियम पुरत नाहीत. तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागतो. त्या नियमांमुळे शिशाच्या अणूची रचना जरा आकसते आणि पट्टीवरच्या तपकिरी ऑक्साइडला इलेक्ट्रॉनांची जबरदस्त हाव सुटते. ही हाव म्हणजेच व्होल्ट!

त्यांच्या गणितात २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट नुसत्या सापेक्षतावादामुळे आले होते. तो नसता, तर सहा घरं मिळून सव्वादोन व्होल्टही जेमतेम मिळाले असते. टीव्हीच्या रिमोटमधले दोन पेन्सिल सेल ३ व्होल्ट देतात!

म्हणजे १५ किलोची बॅटरी रिमोटच्या सेलपुढे हरली असती! १२ व्होल्टसाठी तिला सहाऐवजी पस्तीसेक घरं लागली असती. ती बॉनेटखाली मावली असती का, ते मरीनाला जाता जाता मामाला विचार.