विश्लेषण : ‘रिस्पेक्ट’ गाजले, पण रेडिओचे मानधन ॲरेथा फ्रँकलिन यांना का मिळाले नाही?

‘क्वीन ऑफ सोल’ ॲरेथा फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे १९६७ पासून अमेरिकेतील रेडिओवर वाजते आहे. मात्र एएम-एफएमवर ते कितीही वेळा लागले, तरी गायिका म्हणून त्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते. असे का?

ॲरेथा कोण होत्या?

जन्म २५ मार्च १९४२, मेम्फिस. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. डेट्रॉईटमधील त्यांच्या चर्चमध्ये गात ॲरेथा मोठ्या झाल्या. चर्चमधील गॉस्पेल आणि ‘रिदम अँड ब्लूज’ यांच्या मिलाफातून सोल संगीत घडले. ॲरेथा यांना १८ ग्रॅमी मिळाले. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला (१९८७).

‘रिस्पेक्ट’ मूळ कोणाचे?

ओटिस रेडिंग यांनी ते लिहिले आणि १९६५ मध्ये गायले. त्यात घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. ॲरेथा यांनी ही मागणी स्त्रीच्या तोंडी दिली. ‘रिस्पेक्ट’ची अक्षरे सुटी करून म्हणणे ही त्यांच्या आवृत्तीतली भर. जून १९६७ मध्ये गाणे बिलबोर्ड यादीत अव्वल ठरले. नागरी हक्क आणि स्त्रीमुक्ती चळवळींनी ते आपले मानले.

मग पैसे कोणाला?

अमेरिकेत एएम-एफएम केंद्रे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांना स्वामित्वधन देतात, गायक-वादकांना नाही. रेडिओमुळे गायकाची फुकट जाहिरात होते, असा केंद्रांचा युक्तिवाद. त्यामुळे आवाज ॲरेथा यांचा असला, तरी हक्क रेडिंग यांच्या बाजूचा.

इंटरनेट रेडिओचे काय?

डिजिटल प्रसारणासाठी गायकांना मोबदला देणारा कायदा १९९५ मध्ये झाला. पण १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर होती. म्हणजे ‘रिस्पेक्ट’ही. ही त्रुटी दूर करणाऱ्या ‘म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट’वर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी स्वाक्षरी झाली. ॲरेथा यांचे निधन त्याच वर्षी १६ ऑगस्टला झाले होते.

आता स्थिती काय?

एएम-एफएमची सवलत कायम राहिली. ती काढणारी विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये वेळोवेळी मांडली गेली, पण त्यांचा कायदा झाला नाही. कार्यक्रमांचे मानधन मात्र ॲरेथा आधी आणि रोख मागत. मंचावरही पर्स नजरेच्या टप्प्यात ठेवत.