आधी चाऱ्या तपासा

‘वडिलांच्या यकृतातल्या गाठीत किरणोत्सर्गी मणी सोडणार आहेत. मग आधी तीच नळी घालून नुसती तपासणी कशाला? बिल वाढवायला?’ एका वाचकाची ही शंका. तिच्यात राग आहे, पण ही तालीम वगळणाऱ्या डॉक्टरकडे मी जाणार नाही.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. पाऊण हिस्सा आतड्यांकडून, पोर्टल शिरेतून. उरलेलं यकृताच्या धमनीतून. गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. हे १९५४ मध्ये ब्रीडिस आणि यंग या दोघांनी दाखवलं. आज मण्यांच्या कौतुकात ‘अचूक मारा’ हे शब्द हटकून येतात, ही दोन नावं नाही. धमनीत सोडलेले यट्रियम-९०चे मणी गाठीत अडकतात, आणि त्यांचे किरण सरासरी अडीच मिलिमीटरपर्यंतच पोचतात.

ज्यानं उसाला दारं धरलीत त्याला पुढचं सांगायला नको. पाटाचं पाणी ऊस ओळखत नाही, उतार ओळखतं. त्याच धमनीच्या परिसरातून जठराकडे फाटे जातात. मणी तिकडे वळले तर जठरात व्रण होतो, आणि तो भरता भरत नाही. दुसरी फूट खुद्द गाठीत. तिथल्या काही धमन्या थेट शिरांना मिळालेल्या असतात, मधली केशवाहिन्यांची गाळणीच नाही. तिथून निसटलेले मणी हृदयामार्गे फुफ्फुसात.

म्हणून आधी अल्ब्युमिनचे कण सोडतात. त्यांना लावलेलं किरणोत्सर्गी टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं. कण कुठं गेले ते गॅमा कॅमेरा दाखवतो. जठराकडची चारी उघडी असेल तर तारेची बारीक वेटोळी घालून ती बुजवतात. फुफ्फुसाला एका वेळी ३० ग्रेहून जास्त मात्रा पडणार असं दिसलं, तर मात्रा घटवतात किंवा बेतच रद्द.

तालीमही फसते. कण म्हणजे हुबेहूब मणी नव्हेत, आणि प्रत्यक्ष दिवशी नळीचं टोक जरासं सरकलं तरी प्रवाह बदलतो. शिवाय सिऱ्होसिसनं थकलेलं यकृत गाठीबाहेर पडलेले किरणही सोसत नाही. महिना-दोन महिन्यांनी कावीळ आणि पोटात पाणी. रक्तातलं बिलिरुबिन डेसिलिटरला २ मिलिग्रॅमच्या वर असेल तर म्हणूनच हात आखडता घेतात.

एवढं करून आयुष्य वाढतं का? यकृताच्या प्रगत कर्करोगावरच्या फ्रान्समधल्या ‘सारा’ चाचणीत (२०१७) मणी घेतलेले रुग्ण सोराफेनिबच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. दुष्परिणाम मात्र मणी घेतलेल्यांना कमी झाले.

तेव्हा बिलाचं नंतर बघा. तालमीनंतर डॉक्टरांना आधी विचारा: फुफ्फुसाकडे किती टक्के गेलं, आणि जठराची वाट बंद आहे ना?