शहजाद्याच्या नळीतला गंज

भिंगार हे नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून तोफेच्या टप्प्यातलं गाव. ऑगस्ट १६०० मध्ये मुघलांनी तो किल्ला घेतला, तेव्हा त्या मोहिमेचं सेनापतिपद नावापुरतं का होईना, अकबराच्या धाकट्या मुलाकडे, शहजादा दानियालकडे होतं. दानियालला दोन नाद होते, दारू आणि बंदुका. आवडत्या बंदुकीला त्याने ‘यका-ओ-जनाजा’ असं नाव ठेवलं होतं. एक बार झाला की समोर जनाजाच, असा तिचा लौकिक.

पुढे बुऱ्हाणपुरात दारूने त्याची तब्येत ढासळली. अकबराने दारू बंद करून पहारे बसवले. दानियालने आपल्या एका बंदूकबरदाराची विनवणी केली आणि त्याने याच लाडक्या बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून ती आत नेली. थोरला भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो, की नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूची काजळी त्या मद्यात उतरली, आणि ते पिऊन दानियाल गेला. आजचा डॉक्टर म्हणेल, बिचाऱ्याचं यकृत आधीच संपलं होतं; एवढ्याशा गंजाने माणूस मरत नाही. ते खरंच. पण एक प्रश्न उरतोच. शहजाद्याची लाडकी बंदूक, दिमतीला नोकरांची फौज, तरीही नळीत गंज आला कुठून?

तो बारातूनच येतो. जुन्या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. आपल्याला वाटतं, बत्ती लागली की सगळं धूर होऊन उडून जातं. प्रत्यक्षात वजनाने निम्म्याहून जास्त माल घनरूपातच राहतो. तो पांढरा दाट धूर म्हणजे बहुतांशी हवेत उधळलेले बारीक कण. बाकीचा थर नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, आणि या क्षारांना पाण्याचा भारी सोस. हवेतली ओल खेचून ते ओलसर होतात, आणि लोखंडाला गंजायला लागतं तेवढं पाणी आयतं मिळतं. सकाळी शिकार करून बंदूक तशीच कोपऱ्यात उभी केली, तर पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी नळीत तांबूस छटा दिसू शकते. बंदूक शत्रूच्या हातून फारशी मरत नाही. ती स्वतःच्याच राखेने मरते.

यावरचा उपाय ऐकून पहिल्यांदा कुणीही चमकेल. नळी गंजू नये म्हणून ती पाण्याने धुवायची, तीही उकळत्या. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. क्षारांवर तेल चोपडलं तर ते तेलाखाली सुखाने आपलं काम करत राहतात. आणि पाणी उकळतं अशासाठी, की नळी इतकी तापावी की पाणी ओतून झाल्यावर ती आपल्या उष्णतेनेच कोरडी व्हावी. मग कोरडी चिंधी, मग तेलाचा पातळ हात. हा क्रम चुकवून चालत नाही.

काळी दारू गेली, बिनधुराची दारू आली, तरी हे दुखणं गेलं नाही. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. टोपी उडाली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. म्हणून ब्रिटिश फौजेत नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळी दिली जात. भिंगार छावणीचं गाव. इथल्या घराघरांत निवृत्त जवान आहेत. एनसीसी केलेल्या पोरांनाही ‘पुलथ्रू’ सांगावा लागत नाही. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासा असलेली दोरी. फाशात चार बाय दोन इंचांची चिंधी अडकवायची, वजन नळीतून खाली सोडायचं आणि दोरी एका दमात सरळ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, आणि दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात म्हणून ती सरळ जाते. गोळीचा शेवटचा स्पर्श नळीच्या तोंडाशी होतो. तिथली कड एका बाजूने झिजली, की नेम कायमचा बिघडला. पोलादाची नळी साध्या दोरीने खराब होते, यावर विश्वास बसत नाही. पण दोरीवर धूळ असते, आणि धुळीत वाळूचे कठीण कण.

आता याच नगरची दुसरी बाजू पाहा. १५४९ साली इथे निजामशाहीच्या कारखान्यात मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की ओतकाराने एक तोफ ओतली. तीच विजापूरची मलिक-ए-मैदान. वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांच्या आसपास, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. पावणेपाचशे वर्षांची ही तोफ तिथल्या उघड्या बुरुजावर ऊन-पाऊस खात उभी आहे, आणि तिला गंज नाही! ती लोखंडाची नाहीच. साधारण ८० भाग तांबं आणि २० भाग कथील असा तो काशाचा रस आहे; ठोकली तर घंटेसारखी वाजते. काशावरही हवेचा परिणाम होतो, पण त्याचा पातळ, घट्ट थर धातूला चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज याच्या उलट वागतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेसमोर उघडं पडतं. हवेपासून वाचलेली ही तोफ माणसांपासून मात्र थोडक्यात वाचली. १८५४ साली ब्रिटिश अमलात तिचा लिलाव निघाला आणि सगळ्यात मोठी बोली आली १५० रुपयांची. बोली फारच कमी म्हणून विक्री रद्द झाली.

कारागिरांनी मात्र लोखंडाच्या खोडीलाच कामाला लावलं. चांगल्या बंदुकीची नळी निळसर काळी दिसते, तो रंग नसतो. नळी मुद्दाम गंजवतात, मग पाण्यात उकळतात. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, आणि हा काळा थर धरून राहतो. वरचा सुटा भाग घासून काढायचा, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. असे अनेक थर चढले की ती खोल काळी झळाळी येते. म्हणून जुनी नळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणारा हौशी माणूस प्रत्यक्षात तिचं चिलखत उतरवत असतो.

संग्रह आणि निगा यांची सांगड कशी घालावी, हे दानियालच्या बापाकडून शिकावं. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने नोंद केली आहे, की हजारो बंदुकांतून बादशहाच्या खास वापरासाठी १०५ निवडल्या होत्या. त्यातल्या बारा बंदुका महिन्याच्या पाळीच्या, तीस आठवड्याच्या पाळीच्या, बत्तीस रोजच्या पाळीच्या आणि एकतीस राखीव. प्रत्येकीची पाळी ठरलेली, आणि कोणत्या बंदुकीने काय शिकार झाली याची वहीत नोंद. सगळ्यांत वर ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलला टिपणारी बंदूक ती हीच. या पाळ्यांमागचा हेतू काहीही असो, परिणाम असा की प्रत्येक बंदूक ठरल्या वेळी बाहेर निघणार, हाताळली जाणार. आणि अबुल फजलची पुढची नोंद वाचून तर हात जोडावेसे वाटतात. अकबराकडे एक यंत्र होतं. एका गुराच्या जोरावर चाक फिरायचं आणि सोळा नळ्या एकदम साफ व्हायच्या!

आपल्याकडे गुराचं यंत्र नाही, पण खंडेनवमी आहे. वर्षातून एकदा शस्त्र बाहेर काढायचं, पुसायचं, पुजायचं. रीत उत्तमच, फक्त ओलं हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं नळीवर रात्रभर ठेवू नका. शस्त्राखालच्या पाटावर वाहा. उघड्या लोखंडाला हात लावला तर घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटतात, म्हणून सुती हातमोजे घाला. चामड्याच्या म्यानात किंवा पिशवीत बंदूक कायमची ठेवू नका, कारण कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने धरलेली ओल दोन्ही लोखंडाला खातात. नगर पर्जन्यछायेत आहे हे लोखंडाचं नशीब. कोकणातल्या खाऱ्या हवेत शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक सांभाळणाऱ्याला हे सगळं दुप्पट करावं लागतं.

मात्र सगळ्यात आधी एक तपासणी. माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक भरलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना फुटून एका जाणत्या संग्राहकाचा जीव गेला. जाणकार काय करतो? नळीच्या तोंडासमोर न येता बाजूला उभा राहतो, लाकडी गज आत हलकेच सोडतो, जिथे टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी खूण करतो, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहतो. गजाचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. मग हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं.

कायदाही ध्यानात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यात वारशाने आलेलीही धरली जाते. जुनाट बनावटीच्या किंवा पुराणवस्तूचं मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा शस्त्रांना १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण ठरवायचं नसतं. आजोबांची बंदूक घरात असेल, तर आधी तिचे कागद पाहा, मग जाणकाराला दाखवा, आणि तोवर तिला ना पॉलिश पेपर लावा, ना भंगारात घाला.